एक्केचाळीस वळणं

दक्षिण स्पेनातल्या डोंगरी रस्त्यांची जेवढी खडान्‌खडा माहिती आमच्या थोरल्या साडूंना आहे, तेवढी खुद्द स्पेनच्या राजाला असेल असं मला वाटत नाही. सेव्हिल शहरातून निघाल्यावर ऑलिव्हची झाडं कोणत्या हाताला सुरू होतात, झाहारा नावाच्या गावाखालचं तळं गाडीच्या कोणत्या खिडकीतून दिसतं, रोंडाच्या पुलाअलीकडे गाडी कुठे लावावी आणि संध्याकाळी ग्रॅनाडात शिरताना ऊन डोळ्यांवर येतं की पाठीवर, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मी भूगोलाचा मास्तर. पंचवीसेक वर्षं हिंगोलीतल्या पोरांकडून जगाचे नकाशे भरून घेतलेत. पण साडूंसमोर स्पेनचा विषय निघाला की मी गुमान चहा पितो. एकदा मी सहज बोलून गेलो होतो की तिथले डोंगर ते असून असून किती उंच असणार, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढचा आठवडाभर वर्गात नकाशा टांगताना मला चोरट्यासारखं होत होतं. आणि एवढी माहिती असलेला हा माणूस स्पेनला कितीदा गेला म्हणाल, तर एकदाही नाही. स्पेन राहू द्या, चारचाकीत बसून तो कधी शेजारच्या कळमनुरीलाही आला नव्हता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते सरकारी मोजणीदार होते. उभा जिल्हा त्यांनी साखळी आणि टेप घेऊन पायी तुडवलाय, आणि निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी मोजणी काही अंगातून गेलेली नाही. जगातल्या कोणत्याही वस्तूला चार बाजू असतात आणि चारी बाजूंना कोणीतरी असतं, यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे. मोजणीच्या कागदावर याला चतुःसीमा म्हणतात. पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका, असं लिहिल्याशिवाय जमिनीची ओळख पुरी होत नाही. दाजींच्या मते माणसाचीही होत नाही. लग्नाच्या पंगतीत ते ताटाकडे बघून वाढप्याला सांगतात, "पूर्वेस वरण, पश्चिमेस वांगं, दक्षिणेस भात, उत्तरेस कुणीच न्हाई. तिकडं जिलबी पडू द्या." मी मुलगी बघायला गेलो तेव्हा हे त्या घरचे थोरले जावई म्हणून लोडाला टेकून बसले होते. शिक्षण, नोकरी, पगार, कशाचीही चौकशी न करता त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घराच्या चारी अंगाला कोण कोण राहतं?" मला तिघं सांगता आले. उत्तरेकडच्या घरात नवं बिऱ्हाड आलं होतं, त्यांचं नाव माहीत नव्हतं. दाजी सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "शेजारी ठाऊक न्हाई म्हणतेत. बघा बुवा." मी गावी जाऊन त्या बिऱ्हाडाचं नाव पोस्टकार्डावर कळवलं, तेव्हा कुठे आमचं लग्न ठरलं. बायकोला हे मी अजून ऐकवतो.

शेजारची जमीनही त्याच मालकाची असेल, तर मोजणीच्या कागदात त्या बाजूला नाव घालत नाहीत, नुसतं 'स्वतः' असं लिहितात. दाजींना हा शब्द फार प्रिय. "मास्तर," ते म्हणायचे, "ज्याच्या एका तरी अंगाला 'स्वतः' लिहिता येतं तो सुखी माणूस समजा. तिकडून भांडण न्हाई, तकलीफ न्हाई." त्यांची एकुलती एक लेक कामासाठी सेव्हिलला गेली, तेव्हा तिच्या पहिल्या फोनवर त्यांनी हवा-पाणी काही विचारलं नाही. "पूर्वेला कोण राहतं?" हाच पहिला प्रश्न. लेक म्हणाली, इथे कुणी कुणाला असं विचारत नाही बाबा. दाजींनी फोन आक्काकडे दिला. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. ती शांतपणे म्हणाली, "विचार बाई. न्हाईतर हे जेवायचे न्हाईत." शेवटी ती पोरगी बेसनाचे चार लाडू घेऊन पूर्वेकडचं दार वाजवायला गेली, आणि तिथली एक म्हातारी तिला अशी चिकटली की पुढे आजारपणात तीच हिला सूप करून घालायची. दाजींना यात नवल वाटलं नाही.

त्यांच्या लकबी मोजायला बसलो तर टेप पुरणार नाही. खिशात कायम एक लिंबू. दुसऱ्या खिशात आवळासुपारीची डबी. लग्न असो, मयत असो, कोर्टाची तारीख असो, ते आपल्या जुन्या मोटारसायकलवरून येणार. सगळं वऱ्हाड जीपमध्ये आणि दाजी अर्धा किलोमीटर पुढे, डोक्याला उपरणं बांधून. कोणी "बसा की गाडीत" म्हटलं तर "मी रस्त्याची पाहणी करत येतो" हे उत्तर ठरलेलं. लांबचा प्रवास असला तर आगगाडी. आम्ही मंडळी यावर यथेच्छ हसत असू. मी तर त्यांची नक्कल करायचो. लिंबू काढून, हुंगून, परत खिशात ठेवायची माझी नक्कल घरात बरीच लोकप्रिय होती, आणि आज ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

दुसरी लकब सहलीच्या बेतांची. माझ्या लग्नापासून मी पाहतोय, दर एक-दोन वर्षांनी दिवाळीनंतर दाजी आक्काला कुठेतरी न्यायचा बेत आखायला घेत. महाबळेश्वर, चिखलदरा, आंबोली, एकदा तर थेट उटी. वही निघायची, नकाशे निघायचे, दोरा लावून अंतरं मोजली जायची. मुक्काम, चहा, पाणी, सगळं ठरायचं. आणि निघायच्या आठ दिवस आधी दाजी जाहीर करायचे की रस्त्याचं काम चालू आहे, किंवा दरड पडायचा संभव आहे. आक्का म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. घर काय वाईट हाय का?" आणि वही कपाटात जायची. अशा चौदा वह्या त्यांच्या कपाटात आहेत. मी एकदा थट्टेत म्हणालो होतो, दाजी, तुम्ही आक्काला सहलीला नेता ते वहीतल्या वहीत. दाजी हसले नाहीत. आक्काही हसली नाही. मला वाटलं, विनोद कळला नसावा.

आक्काला डोंगराची फार ओढ. आमच्याकडचा मुलूख तसा मोकळा. सोयाबीन, तूर, हरभरा आणि वर आभाळ. डोंगरावर वळत वळत चढणारा रस्ता तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. लेकीनं एकदा एक फोटो पाठवला. उंच कड्यावर चिकटून बसलेलं पांढऱ्या भिंतींचं गाव. दाजींनी तो मोठा छापून आणला आणि आक्कानं स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वर चिकटवला. भाकरी थापताना ती त्याच्याकडे बघायची. मला म्हणाली होती, "भिंती किती पांढऱ्या हायत वो. चुना कुठला वापरत असतील?" मग गेल्या पावसाळ्यात लेकीचा फोन आला. तिथलं तिचं काम मार्चमध्ये संपणार होतं, पुढे ती दुसऱ्या देशात जाणार होती. म्हणाली, "आई, बाबा, फेब्रुवारीत याच. सेव्हिलपासून ग्रॅनाडापर्यंत गाडीनं जाऊ, ती पांढरी गावं बघत बघत. गाडी मी चालवते." आक्काचा उजवा गुडघा तेव्हा कुरकुरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, हिंडायचं ते आत्ताच हिंडून घ्या. त्या रात्रीच्या जेवणात दाजींनी पंधरावी वही काढली. या वेळी नाही गेली तर आक्का कधीच जाणार नव्हती, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

ही वही म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई. या दोन शहरांमध्ये एक मोठा सरळ रस्ता आहे, अडीच-तीन तासांचा. दाजींनी तो पहिल्याच पानावर तिरकी रेघ मारून खोडला. झाहारावरून डोंगर चढून, पलीकडे ग्राझालेमाला उतरून, रोंडा करून मग ग्रॅनाडा, हा रस्ता मंजूर झाला. उपग्रहाची चित्रं मोठी करून, भिंग लावून त्यांनी चढावरची वळणं मोजली. एक्केचाळीस. प्रत्येक वळणाला नंबर, डावं की उजवं, किती अंशांचं, बाहेरच्या बाजूला झाड आहे की दरी. आक्काला ती परकी नावं लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी ठिकाणांना आमच्या जिल्ह्यातली घरगुती नावं दिली. झाहारा म्हणजे कनेरगाव नाका, कारण तिथे थांबून काहीतरी खायचं. रोंडा म्हणजे वारंगा फाटा, कारण तिथून रस्ते फुटतात. पुढे पुढे दाजींना आणि आक्काला त्याची इतकी सवय झाली की खरी नावं कोणी घेईना. "वारंगा फाट्याला पूल बघायचा, सव्वातीनशे फूट खोल दरी हाय" असं आक्कानं शेजारणीला सांगितलं. शेजारणीचं माहेर वारंग्याचं. बिचारी माहेरी फोन करकरून विचारत होती की दरी कधी पडली.

आणि मग मी माझं शहाणपण पाजळलं. मी नुकतीच एक जुनी पण बऱ्यापैकी चारचाकी घेतली होती आणि तिचं कौतुक करून घ्यायची मला घाई होती. लेक सोमवारी तिकिटं काढणार होती. मी म्हणालो, "दाजी, तुम्हीच सांगता ना की जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय कागद खरा धरू नये? मग तिकिटाआधी एक रंगीत तालीम होऊन जाऊ द्या. माझी गाडी आहे." दाजींनी खिशातलं लिंबू काढून हुंगलं. आक्कानं कपबशी खाली ठेवली. पण स्वतःच्या तोंडचा नियम, मागे कसा घेणार? शेवटी म्हणाले, "करू. पण वळणं अस्सल मापाची पाहिजेत."

अस्सल मापाची वळणं आमच्या भागात आणायची कुठून? पुसेगावला माझ्या एका सहशिक्षकाचा मुरमाड माळ पडीक आहे, तो दाजींनी दोन दिवसांसाठी मागून घेतला. त्यावर त्यांनी स्पेनचा अख्खा घाट आखला. खुंट्या ठोकल्या, लाल झेंड्या लावल्या, टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन मला उन्हात पळवलं, आणि पांढऱ्या फक्कीनं एक्केचाळीस वळणांचा रस्ता खऱ्या रुंदीचा ओढून काढला. तेवढ्या माळात सगळी वळणं बसेनात, तेव्हा काही एकमेकांवरून नेली. मोजणीवाले साहेब माळावर झेंड्या लावून राहिले, ही बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? दहा वाजेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पन्नास माणूस. पुसेगाववरून नवा मोठा रस्ता येतोय अशी बोलवा झाली. एका माणसाला वाटलं रस्ता आपल्या विहिरीवरून जातो, त्याच्या भावाला वाटलं मुद्दाम आपल्याला वगळलं, आणि दोघांची तिथेच जुंपली. शेवटी एक म्हातारबा काठी टेकत पुढे आले. थोडा वेळ त्यांनी त्या गुंडाळीकडे निरखून पाहिलं.

"साहेब, सरळ माळ पडला हाय तर रस्ता असा सापावानी काहून नेऊन राहिले?"

"मधी डोंगर हाय," दाजी टेपवरची नजर न काढता म्हणाले.

म्हातारबांनी कपाळावर हात धरून माळभर नजर फिरवली. "कुठं हाय?"

"स्पेनात."

म्हातारबांनी यावर विचार केला. मग मुद्द्यावर आले. "एवढं फिरवलंच हाय तर एक वळण आमच्या वावरावरून बी द्या की साहेब. पावसाळ्यात बैल जात न्हाई तिथून." दाजींनी परोपरीनं सांगितलं की हा सरकारी रस्ता नाही, हा खासगी सराव आहे. पण इतकी बराबर फक्की कोणी सरावासाठी मारील यावर कोणाचा विश्वास बसेना. मी भूगोलाच्या मास्तरकीची शपथ घेतली, तेव्हा दोन-चार जण घरी गेले. बाकीचे आता हे करतात तरी काय ते बघायला बसून राहिले.

रविवारी तालीम. दाजी "फक्की विस्कटली का पाहतो" म्हणून मोटारसायकलवर पुढे गेले. मी, बायको आणि आक्का गाडीतून. माळावर पोचल्यावर दाजी माझ्या मागच्या जागेवर बसले, कारण स्पेनात त्यांची खिडकी उजवी असणार होती. शेजारी आक्का, मांडीवर पिशवी घेऊन. बायको पुढे. दाजींनी वही उघडली, चष्मा नीट केला. "चला मास्तर. एक, डावं." मी वळवली. "दोन, उजवं. खाली तळं." धुऱ्यावरची माणसं उभी राहिली. "तीन, डावं. चार, उजवं, गाडी पोटात घ्या." मी मोठ्या ऐटीत गाडी हाकत होतो. सहाव्या वळणाला दाजींचा आवाज बारीक झाला. सातवं त्यांनी सांगितलंच नाही. मला वाटलं पान चिकटलं असेल. आठव्या वळणावर मागून आवाज आला, "थांबा." मी थांबायच्या आत आक्का दार उघडून खाली उतरली होती.

बाभळीच्या मागे दाजी वाकले होते आणि आक्का एका हातानं त्यांचं कपाळ धरून उभी होती. दुसऱ्या हातानं तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मग ओला रुमाल, मग छोटा डबा. डब्यात लिंबाच्या फोडी होत्या, मीठ लावलेल्या. म्हणजे त्या घरूनच कापून आणल्या होत्या. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो आणि लिंबाची माझी नक्कल मला आठवत होती.

सगळे खाली बसलो. दाजींचा चेहरा पांढरा पडला होता. वर न बघता म्हणाले, "गाडी लागते मला, मास्तर. लहानपणापासून. मोटारसायकलवर न्हाई लागत, आगगाडीत बी न्हाई. चारचाकीत बसलो की कालवतं, अन् वळण आलं की खलास. गोळी खाल्ली तर झोप येते. झोपून काय बघणार?" हे सांगायला त्यांना केवढे कष्ट पडले ते मला दिसत होतं. जिल्ह्यात ज्यांच्या शब्दावर हद्दी ठरल्या ते हे गृहस्थ. आक्का म्हणाली, "लग्न लागून जीपमधी बसलो, तर शिवेच्या आत यांनी ओकारी काढली. माझ्या शालूवर. मंग मला म्हणते, तुला समदं जग दाखवीन. मी म्हनलं, आधी तोंड धुवा." बायको हसली, मीही हसलो, आणि दाजीही हसले. मग हळूच म्हणाले, "तवापासून बिनवळणाचा रस्ता शोधून राहिलो मी. महाबळेश्वरला दुसरीकडनं चढता येतं का पाहिलं. उटीला पाहिलं. बघण्यासारख्या जागा समद्या वळणाच्या वरच हायत, मास्तर."

बायको म्हणाली, "दाजी, मग स्पेनात त्या सरळ रस्त्यानं जा की." दाजी म्हणाले, "अन् हिला काय दावू? डांबर?" त्यावर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घर काय वाईट हाय का?" हे वाक्य मी चौदा वेळा ऐकलं होतं. पंधराव्या वेळी त्याचा अर्थ कळला. दर खेपेला रद्द झालेल्या सहलीचा दोष दाजी रस्त्यावर घालायचे आणि आक्का त्यांना तो घालू द्यायची. एवढ्या वर्षांत तिनं आपल्या सख्ख्या बहिणीलाही हे कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळी दाजी आमच्याकडे आले. बायकोला म्हणाले, "तू जा तिच्यासंगं." आणि मला म्हणाले, "तुमी हितं ऱ्हा." बायको तयार झाली, पण आक्का ऐकेना. तुमच्याशिवाय नाही म्हणजे नाही. तिकिटांचा सोमवार टळला, मंगळवार टळला. बुधवारी दाजींनी वही तिच्यासमोर ठेवली आणि साहेबांच्या आवाजात सांगितलं, "हा नकाशा मी बसून काढलेला हाय. बसून काढलेला नकाशा खोटा, हे मी समद्या जिल्ह्याला सांगत आलो. आता कुणीतरी जागेवर पाहणी करून माहिती दिली पाहिजे. मला जाता येत न्हाई. तू जा. पायानं मोजून मला सांग, मी लिहून घेतो." आक्कानं वहीची दोन पानं उलटली. "गुडघा दुखतो," ती म्हणाली. "जेवढं होईल तेवढं मोज." अशा रीतीनं आक्का, माझ्या बायकोला सोबत घेऊन, स्पेनला सहलीला म्हणून गेली नाही, पाहणीला गेली. नाहीतर ती गेली नसती.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी दाजी आणि मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. दाजींच्या मनगटावर दोन घड्याळं, समोर वही, मांडीवर फोन. तिकडे सकाळ होती. लेकीनं गाडी सुरू केल्यापासून ते बोलत होते. "आता डाव्या हाताला ऑलिव्हची झाडं." फोनमधून आक्का म्हणायची, "व्हय, हायत." झाहाराला थांबून तिघींनी घरून नेलेले धपाटे खाल्ले. तळं वहीत होतं त्याच खिडकीत आलं. आणि चढ सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वळणाला फोनची रेंज गेली. दाजींनी फोन हलवला, उंच धरला, मग मांडीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत पुढे वाचू लागले. "सात, डावं. आठ, उजवं." ऐकायला कोणी नव्हतं, मी सोडून. पंधराव्याला त्यांच्या कपाळावर घाम आला. विसाव्याला त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सव्विसाव्याला खिशातून लिंबू काढून नाकाशी धरलं आणि म्हणाले, "मास्तर, जरा हळू घ्या." आणि मी, खरं सांगतो, मी पाय आखडून घेतला. असे आम्ही दोघं ओट्यावर बसून तो घाट चढलो. एक्केचाळिसाव्याला त्यांनी डोळे मिटून खुर्चीला मान टेकली. मी त्यांना पाणी दिलं.

फोन पुन्हा लागला तो रोंडाहून. म्हणजे वारंगा फाट्याहून. आक्का पुलाशेजारच्या बागेत एका बाकड्यावर बसली होती. "पूल मोजला," ती म्हणाली. "एकशे बारा पावलं. मधी दोनदा थांबले." दाजींनी लिहून घेतलं. घाट कसा होता, हे विचारायचं धाडस त्यांना होईना, ते मला दिसत होतं. त्यांनी विचारलं, "बसली हाय तिथली चतुःसीमा सांग."

अडतीस वर्षं मोजणीदाराबरोबर संसार केलेली बाई. तिनं सूर्याकडे पाहिलं असणार. "पूर्वेला पूल हाय. पश्चिमेला दरी. लई खोल हाय, खाली वावरं दिसतात. हिरवीगार. तुमी म्हनलं त्याच्यापेक्षा लई चांगलं हाय." मग म्हणाली, "उत्तरेला ही बसली हाय, धाकली."

"अन् दक्षिणेला?"

"तिकडं कुणी न्हाई." फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. "जागा हाय. मी पिशवी ठेवली हाय तिथं, कुणी बसू न्हाई म्हणून."

दाजी वहीवर वाकले. काहीतरी लिहिलं, बोट ठेवून शाई वाळू दिली. "बराबर," ते म्हणाले. मग विचारलं, "चुना कुठला वापरतात, विचारलं का?"

"विचारलं. पोरीला सांगता आलं न्हाई."

मार्च संपला तसं लेकीनं स्पेन सोडलं. आता ती ज्या देशात आहे तो तळहातासारखा सपाट आहे आणि तिथले रस्ते सरळसोट आहेत. दाजी त्या देशाविषयी फारसं चांगलं बोलत नाहीत. स्पेनात आता आमचं कुणी नाही, पूर्वेकडची म्हातारी सोडली तर. आक्काचा गुडघा त्या पुलानंतर जो बसला तो बसलाच. ती आता आमच्या घराचा जिना चढत नाही, खालूनच हाक मारते. तरी दर रविवारी सकाळी दाजी मला फोन करतात, "मास्तर, गाडी रिकामी हाय का?" मोटारसायकल ते घरी ठेवतात. आक्काला घेऊन हिंगोलीहून पुसेगावपर्यंत माझ्या गाडीत बसून येतात, वाटेत तीनदा उतरून. पावसानं फक्की धुऊन नेली की नव्यानं मारतात. ते म्हातारबा धुऱ्यावर बसून मोठ्यानं वळणं मोजतात. त्यांच्या वावराकडे एक जादा वळण दाजींनी काढून दिलंय, ते धरायचं नाही असं ठरलंय. दाजी किती वळणं टिकतात, तो आठपासून सुरू झालेला आकडा या रविवारी एकोणीसवर आला.

एकोणिसाव्याला मी थांबलो. दोघं बाभळीकडे गेली. वही मागच्या सीटवर उघडीच राहिली होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मी पोरांना शिकवतो, पण वाचली. शेवटच्या पानावर, सरकारी कागदावर असतं तशा टोकदार अक्षरात लिहिलं होतं: मौजे रोंडा. बाकडे एक. पूर्वेस पूल. पश्चिमेस दरी. उत्तरेस मेहुणी. दक्षिणेस स्वतः.

मी ती होती तशी ठेवून दिली. आक्का लंगडत आली आणि आत बसली. दाजी तोंड पुसत तिच्याशेजारी बसले, लिंबाची फोड गालात धरून त्यांनी वही उचलली, पान उलटलं.

"चला मास्तर," ते म्हणाले. "वीस. डावं."